मयूरशिखा : एका नेच्याचे वर्गीकरण व प्रसार

वैशाखाच्या अखेरीस सातपुड्याच्या पूर्वेकडील रांगांत एखाद्या उघड्या खडकाजवळ उभे राहिले, तर त्याच्या भेगेत वाळलेल्या काड्यांचा एक लहानसा झुबका दृष्टीस पडतो. पाने आतल्या बाजूस मुडपलेली, रंग तपकिरी, आणि हाताने चुरगळल्यास भुगा होईल अशी एकंदर अवस्था. ही वनस्पती केव्हाच मेली, असाच पाहणाऱ्याचा समज होतो. परंतु मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या, की मुडपलेली पाने हळूहळू उलगडू लागतात आणि एक-दोन दिवसांत तेथे हिरव्या, रेखीव पंख्यांचा गुच्छ उभा राहतो. मोराच्या डोक्यावरील तुऱ्याची आठवण करून देणाऱ्या या वनस्पतीस आपल्या पूर्वजांनी 'मयूरशिखा' असे सार्थ नाव दिले. काही ठिकाणी तिला 'मोरपंखी' असेही म्हणतात. शास्त्रज्ञ तिला ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा या नावाने ओळखतात.

उंचीने जेमतेम वीतभर भरणाऱ्या या वनस्पतीचा संसार मात्र विस्तीर्ण आहे. दक्षिण आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, सिंध या मार्गाने भारत, श्रीलंका आणि थेट ब्रह्मदेशापर्यंत ती आढळते. तिचे नाव आणि कुल निश्चित करण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञांना दोन शतकांहून अधिक काळ खर्ची घालावा लागला. हा खटाटोप केवळ विद्वानांच्या समाधानासाठी होता, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या वनस्पतीचे नाव निश्चित नसते, तिची नोंद निश्चित होत नाही. आणि जिची नोंद नाही, ती नाहीशी झाली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. आज गावोगावी वनसंपत्तीच्या नोंदवह्या तयार होत असताना या गोष्टीस विशेष महत्त्व आहे.

बालाघाटची भूमी

बालाघाट जिल्हा आज मध्यप्रदेशात असला, तरी विदर्भाशी त्याचे नाते जुने व जवळचे आहे. १८६७ च्या सुमारास भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून तो निर्माण करण्यात आला. जुन्या मध्यप्रांतात नागपूर, वर्धा, चांदा व भंडारा यांच्याबरोबर तो नागपूर विभागात समाविष्ट होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्यप्रदेशात राहिला आणि विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले. तरीही बाघ नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांचे सोयरसंबंध, बाजारहाट व बोलीभाषा यांत खंड पडला नाही. हिंदी, मराठी, पोवारी व गोंडी या भाषा जिल्ह्यात शेजारी-शेजारी नांदतात.

सुमारे ९,२०० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग वनांनी व्यापलेला आहे. वारासिवनी व कटंगीकडील सखल प्रदेशात वैनगंगेचे खोरे, भाताची खाचरे व तलाव आहेत, तर उत्तरेस व पूर्वेस बैहरचे पठार उंचावत जाते. या पठारावर सालाची वने आहेत. बंजर व हालोन या नद्या येथून उत्तरेकडे नर्मदेला मिळण्यासाठी निघतात, आणि वैनगंगा दक्षिणेकडे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पात अंतर्भूत झालेल्या कान्हाचा काही भाग याच जिल्ह्यात येतो. मुक्कीचे प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यातच आहे.

जमिनीच्या पोटात भरवेली, उकवा व तिरोडीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे दडलेले असल्याने बालाघाटचे नाव खनिजांसाठी सर्वज्ञात आहे. परंतु जमिनीच्या पाठीवर जे जुने खडक उघडे पडलेले आहेत, त्यांचीही एक वेगळी संपत्ती आहे. पट्टिताश्म, ग्रॅनाइट आणि उत्तरेकडील काही भागात काळा बेसाल्ट अशा नाना प्रकारच्या खडकांच्या भेगांतून शेवाळे, दगडफुले आणि नेचे यांची एक लहानशी सृष्टी वाढत असते. मध्य भारताच्या पानझडी वनांतील खडकांवर वाढणारी मयूरशिखा याच सृष्टीची रहिवासी होय.

नेचा म्हणजे काय?

नेचे ही पृथ्वीवरील अतिप्राचीन वनस्पतींपैकी आहेत. त्यांना मूळ, खोड व पान असते. पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्याही असतात. परंतु फूल, फळ व बी यांपैकी काहीही नसते. आंब्याचे झाड कोयीतून वाढते, तसा नेचा कशातून वाढतो, हा प्रश्न पूर्वीच्या लोकांनाही पडत असे. नेच्याला अदृश्य बी असते व ते ज्यास सापडेल तोही अदृश्य होतो, अशी एक समजूत युरोपात रूढ होती. वस्तुस्थिती अशी, की नेच्याच्या पानाच्या मागील बाजूस किंवा कडेला तपकिरी ठिपके वा रेषा दिसतात. त्या ठिपक्यांत सूक्ष्म कोश असतात आणि कोशांत धुळीसारखी बारीक बीजुके असतात. ही बीजुके वाऱ्यावर उडून ओलसर जागी पडली, म्हणजे त्यांपासून नखाएवढाही नसणारा, बहुधा हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. सर्वसाधारणपणे याच पापुद्र्यावर पुं-पेशी व स्त्री-पेशी तयार होतात. पुं-पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन स्त्री-पेशीस मिळते, आणि मग त्यातून आपल्या परिचयाचा नेचा वाढू लागतो.

या जीवनक्रमात पाण्याचा थर अत्यावश्यक असल्याने नेचे बहुधा ओढ्याकाठी, दाट सावलीत व दमट दऱ्यांत आढळतात. पचमढीच्या दऱ्यांत तर झाडासारखे उंच वाढणारे वृक्ष-नेचे पाहावयास मिळतात. पाणवठ्यांच्या काठची हंसपदी, झुडपांवर चढणारा वेलनेचा, तळ्याच्या चिखलातील चार पानांची सुनसुनी ही सर्व पाण्याच्या आश्रयाने राहणारी मंडळी. मग तापलेल्या खडकावर, उन्हाच्या ऐन माऱ्यात मयूरशिखा कशी जगते? तिच्या जगभरातील प्रसाराचे रहस्य याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. त्याकडे वळण्यापूर्वी तिची नेमकी ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

मयूरशिखेची ओळख

मयूरशिखेचे खोड जमिनीवर दिसत नाही. खडकाच्या भेगेत रुतलेले, गडद रंगाच्या शल्कांनी आच्छादलेले आखूड खोड हाच तिचा आधार. त्यातून बारीक, कडक देठांचा गुच्छ निघतो. प्रत्येक देठाच्या टोकाला पंख्यासारखे पान असते. हे पान एकाचे दोन, दोनाचे चार या रीतीने पुन्हा पुन्हा दुभंगत जाते आणि शेवटी त्याच्या गवताच्या पात्यासारख्या अरुंद पट्ट्या होतात. दोन ते पाच सेंटिमीटर रुंदीच्या या पंख्यात मधली शीर अशी नसते. सर्व पट्ट्या एका बिंदूतून निघालेल्या किरणांप्रमाणे पसरतात. संपूर्ण वनस्पती २५ सेंटिमीटरहून उंच क्वचितच वाढते.

बीजुके धरणाऱ्या पानांच्या पट्ट्यांची कड मागील बाजूस दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली बीजुककोशांची लांबट रेषा असते. ही दुमड एखाद्या झडपेप्रमाणे कोवळ्या कोशांचे रक्षण करते. पंख्यासारखे पान व कडेची ही दुमड, ही दोन लक्षणे ध्यानात ठेवली, तर मयूरशिखा ओळखण्यास सामान्य वाचकासही अडचण पडू नये.

नावांचा इतिहास

लक्षणे इतकी स्पष्ट असूनही या वनस्पतीचे शास्त्रीय नाव स्थिर होण्यास दीर्घकाळ लागला. त्याचे एक कारण असे, की ती अनेक देशांत वाढते आणि प्रत्येक ठिकाणी ती वेगवेगळ्या संशोधकांच्या हाती लागली.

१७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक अभ्यासमोहीम धाडली. तीत लिनिअसचा शिष्य पीटर फोर्स्कोल हा निसर्गशास्त्रज्ञ होता. १७६३ मध्ये येमेनमध्ये त्याचा अंत झाला. याच मोहिमेतील कार्स्टेन नीबूर हा एकटाच सदस्य जिवंत परतला; परतीच्या प्रवासात त्याने मुंबईत वर्षाहून अधिक काळ मुक्काम केला होता. त्याने फोर्स्कोलची टिपणे १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत दुभंगत जाणाऱ्या पानांच्या या नेच्यास 'ॲक्रोस्टिकम डायकोटोमम' असे नाव होते. डायकोटोमम म्हणजे द्विधा विभागणारा. नाव समर्पक होते. परंतु लिनिअसने १७५३ मध्येच ते एका निराळ्या नेच्याला देऊन टाकले होते. एकच नाव दोन वनस्पतींना देता येत नाही व अशा वेळी आधीचे नाव टिकते, हा वनस्पतींच्या नामकरणाचा मूलभूत नियम आहे. त्यामुळे फोर्स्कोलचे नाव बाद ठरले.

त्यानंतर १७८२ मध्ये लिनिअसच्या मुलाने याच गटातील एका नेच्यास 'ॲक्रोस्टिकम ऑस्ट्राले' असे नाव दिले. तिकडे तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत योहान गेरहार्ड क्योनिग हा लिनिअसचा आणखी एक शिष्य वनस्पती गोळा करीत होता. १७८५ मध्ये तो निवर्तला. त्याने दिलेल्या नावाचा आधार घेऊन स्वीडनच्या ओलोफ स्वार्त्झ याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'ॲस्प्लेनियम रेडिएटम' हे नाव रीतसर प्रसिद्ध केले. रेडिएटम म्हणजे किरणांप्रमाणे पसरलेला. पुढे १८४१ मध्ये बर्लिनच्या वनस्पतिउद्यानाचा संचालक योहान लिंक याने या नेच्यांसाठी ॲक्टिनिऑप्टेरिस असा स्वतंत्र वंश निर्माण केला. ग्रीक भाषेत 'ॲक्टिस' म्हणजे किरण व 'टेरिस' म्हणजे नेचा. अशा रीतीने 'किरणांचा नेचा' हे आजचे नाव सिद्ध झाले.

तरीही घोटाळा संपला नाही. भारतातील औषधी वनस्पतींच्या अनेक याद्यांत मयूरशिखेची नोंद कितीतरी काळ 'डायकोटोमा' या बाद झालेल्या नावानेच होत राहिली. काही ग्रंथांत ती 'ऑस्ट्रालिस' या नावाखाली आली. एकाच वनस्पतीच्या तीन नावांनी तीन नोंदी झाल्या, तर ती कोठे कोठे आढळते याचा हिशेब लागणे अशक्य होते. इटलीचे वनस्पतिशास्त्रज्ञ रोडोल्फो पिकी-सेर्मोली यांनी १९६२ मध्ये संपूर्ण वंशाची फेरतपासणी करून हा गुंता सोडविला. त्यांनी डायमॉर्फा, पॉसिलोबा व सेमिफ्लाबेलाटा या तीन जाती नव्याने वर्णिल्या. रेडिएटा व ऑस्ट्रालिस धरून आज या वंशात सुमारे पाच जाती मानल्या जातात. त्यांचे मुख्य माहेरघर आफ्रिका व तिच्या शेजारची बेटे हेच आहे. भारतात जी सर्वत्र आढळते ती रेडिएटा होय.

कुल कोणते?

वंश निश्चित झाला, तरी हा वंश कोणत्या कुलातला, हा प्रश्न शिल्लक होता. बीजुककोशांची रेषा लांबट असल्याने स्वार्त्झने तिला ॲस्प्लेनियममध्ये घातले. परंतु ॲस्प्लेनियमच्या कोशरेषेवर शिरेलगत चिकटलेले खरेखुरे आवरण असते. मयूरशिखेत मात्र पानाची कडच दुमडून आवरणाचे काम करते. हा भेद ध्यानात येताच तिला तेथून हलविणे भाग पडले. पिकी-सेर्मोली यांना ती इतकी वेगळी वाटली, की त्यांनी तिच्यासाठी एक स्वतंत्र कुलच प्रस्थापित केले. भारतातील अनेक पाठ्यपुस्तकांनी ते स्वीकारले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्गीकरणशास्त्राला नवे साधन मिळाले. पेशीतील डीएनएच्या घटकक्रमाची तुलना करून कोणती वनस्पती कोणाची सख्खी व कोणाची चुलत, हे पडताळून पाहता येऊ लागले. या कसोटीवर असे दिसून आले, की मयूरशिखेचे सर्वांत जवळचे नाते ऑनिकियम या वंशाशी आहे. भारतात हा वंश मुख्यतः हिमालयात आढळतो आणि त्याची पाने बारीक, नाजूक कातरलेली असतात. वरवर पाहता दोघांत काहीच साम्य नाही. परंतु पानाची कड दुमडून कोशांचे रक्षण करण्याची रीत दोघांचीही सारखीच. २०१६ मध्ये जगातील ९४ तज्ज्ञांनी एकत्र येऊन नेचे व त्यांच्या सहचरांचे सर्वमान्य वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात ११,९१६ जाती, ३३७ वंश व ५१ कुले यांची मांडणी आहे. त्यानुसार मयूरशिखेचे स्वतंत्र कुल रद्द होऊन ती टेरिडेसी या मोठ्या कुलात समाविष्ट झाली. सुमारे बाराशे जातींच्या या कुलात ओढ्याकाठची आपली हंसपदीही आहे. म्हणजे बालाघाटच्या एकाच टेकडीवर, पाण्याच्या काठी हंसपदी व माथ्यावरच्या तापलेल्या दगडावर मयूरशिखा, असे एकाच कुलातील दोन भाऊबंद दोन टोकांच्या परिस्थितीत राहू शकतात.

आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत

मयूरशिखेचा प्रसार नकाशावर पाहिला, तर एक लांबलचक पट्टा डोळ्यांसमोर उभा राहतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागापासून झिंबाब्वे, टांझानिया, केनिया व इथिओपियाच्या खडकाळ प्रदेशांतून तो उत्तरेकडे सरकतो. तांबडा समुद्र ओलांडून येमेन व ओमानच्या डोंगरांत येतो. दक्षिण इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान यांतून तो भारतात शिरतो आणि राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र, मध्यप्रदेश व दक्षिण भारत व्यापून श्रीलंका, नेपाळ व ब्रह्मदेशाकडे जातो. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कातळांवर आणि जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांतही ती आढळते. मुंबई इलाख्यातील नेच्यांची शास्त्रशुद्ध माहिती एथेलबर्ट ब्लॅटर व द'आल्मेडा यांनी १९२२ मध्येच ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिली होती.

आफ्रिका व भारत यांच्यात महासागर असताना एकच जाती दोन्हीकडे कशी, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे एक सोपे उत्तर पुष्कळदा दिले जाते. भारत, आफ्रिका, मादागास्कर ही सर्व एके काळी एकाच महाखंडाचे भाग होती. त्या महाखंडाचे 'गोंडवन' हे नावही गोंडांच्या या मध्य भारतीय भूमीवरूनच आलेले आहे. परंतु हे उत्तर येथे पुरेसे पडत नाही. भारत मादागास्करपासून अलग झाला, त्यास सुमारे नऊ कोटी वर्षे लोटली. इतक्या प्रदीर्घ काळात दोन्हीकडच्या वनस्पती परस्परांपासून बऱ्याच दूर गेल्या असत्या. त्या आजही एकच जाती म्हणून ओळखता येतात, यावरून त्यांच्यातील दळणवळण त्याहून पुष्कळ अलीकडचे असले पाहिजे, असेच अनुमान निघते.

या दळणवळणाचे साधन म्हणजे वारा. नेच्याचे बीजुक धुळीसारखे हलके असते. बी बहुधा झाडापासून काही अंतरावरच पडते; बीजुक मात्र वाऱ्याबरोबर दूरवर जाऊ शकते. शिवाय एका उडीत महासागर ओलांडण्याची गरजही नाही. पूर्व आफ्रिका, अरबस्तान, इराण, सिंध व अरवली ही कोरड्या डोंगरांची जणू एक साखळीच आहे. एका कड्यावरून पुढच्या कड्यावर, अशा टप्प्याटप्प्यांनी हा प्रवास होऊ शकतो.

याच पट्ट्यात वावरणारा एक वृक्ष बालाघाट, गोंदिया व भंडारा या भागांतील वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे सालई. कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या व सुगंधी डिंक देणाऱ्या आपल्या सालईचे सगेसोयरे सोमालिया, इथिओपिया, येमेन व ओमान येथे आहेत आणि त्यांच्यापासून जगप्रसिद्ध ऊद मिळतो. मध्य भारतातील उघड्या टेकड्यांचे आफ्रिका व अरबस्तान यांच्याशी असलेले नाते असे एकाहून अधिक वनस्पतींनी जपलेले आहे.

खडक म्हणजे लहानसे वाळवंट

परंतु बीजुक येऊन पडले, म्हणजे वनस्पती वाढेलच असे नाही. जागा अनुकूल असावी लागते. बालाघाटमध्ये पाऊस भरपूर, तळी पुष्कळ, भाताचे पीक मुख्य. अशा जिल्ह्यात कोरड्या आफ्रिकी पठारांची रहिवासी कशी रमते?

याचे उत्तर खडकात आहे. उघड्या खडकावर पडलेले पाणी मातीत मुरत नाही, वाहून जाते. पावसाळा संपताच भेगेतील मूठभर माती कोरडी पडते. चैत्र-वैशाखात दगड इतका तापतो, की त्यावर हात ठेववत नाही. त्यामुळे चार महिने पाण्यात भिजणाऱ्या जिल्ह्यातही असा प्रत्येक खडक उरलेले आठ महिने एक लहानसे वाळवंटच असतो. मोठी झाडे तेथे रुजत नाहीत, गवत टिकत नाही. स्पर्धा नसलेली ही जागा मयूरशिखेच्या वाट्याला येते. केनियातील खडक आणि बैहरच्या पठारावरील खडक यांत हजारो किलोमीटरचे अंतर असले, तरी नेच्याच्या दृष्टीने ती एकाच प्रकारची वस्ती आहे.

अशा ठिकाणी टिकून राहण्यासाठी मयूरशिखेजवळ एक विलक्षण सामर्थ्य आहे. बहुतेक वनस्पतींच्या पेशींतील पाणी एका मर्यादेपलीकडे कमी झाले, की पेशींची पटले फाटतात व त्या मरतात. मयूरशिखा मात्र त्या मोजक्या वनस्पतींपैकी आहे, ज्या जवळजवळ पूर्ण वाळूनही जिवंत राहतात. पाणी कमी होऊ लागताच तिचा पंखा आत मुडपतो आणि उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग घटतो. अशा वनस्पतींच्या पेशींत विशिष्ट शर्करा साठतात व त्या पटलांना आधार देतात. श्वसन व अन्ननिर्मिती जवळजवळ थांबते. पाऊस आला, की पाने पाणी शोषून घेतात आणि थांबलेले सर्व व्यवहार पुन्हा सुरू होतात. उन्हाळ्यात दिसणारा तो तपकिरी झुबका मेलेला नसतो, तर निद्रिस्त असतो.

एक नाव, अनेक वनस्पती

शास्त्रीय नावाचा गुंता सुटला. परंतु बोलीतील व बाजारातील गुंता अद्याप कायम आहे. भावप्रकाश निघंटूत मयूरशिखेचा उल्लेख येतो. परंतु या नावाने कोणती वनस्पती घ्यावी, याविषयी वैद्यांत एकवाक्यता नाही. बरेच जण आपल्या या नेच्यास मयूरशिखा मानतात. काही ठिकाणी बागेतील कोंबड्याच्या लालभडक तुऱ्यास हेच नाव आहे. क्वचित हंसपदीची एक लांब पानांची बहीणही या नावाने ओळखली जाते. 'मोरपंखी' म्हटल्यावर तर शहरातील वाचकाच्या डोळ्यांपुढे कुंडीतील चपट्या फांद्यांचे शोभेचे झाड येते. त्याचा नेच्यांशी काहीही संबंध नाही.

या घोटाळ्याचे परिणाम दोन आहेत. पहिला परिणाम आरोग्याशी निगडित आहे. परंपरेने हा नेचा कृमिनाशक व रक्तस्तंभक मानला गेला आहे. परंतु नाव ऐकून भलतीच वनस्पती पोटात गेली, तर गुण येणे दूरच, अपायही संभवतो. म्हणून जाणकार वैद्याच्या सल्ल्यावाचून अशा वनस्पतींचा प्रयोग करणे श्रेयस्कर नव्हे. दुसरा परिणाम वनस्पतीच्या अस्तित्वाशी निगडित आहे. बाजारात 'मयूरशिखा' या नावाने किती माल आला, हे समजले, तरी त्यातील नेचा किती व अन्य काय किती, हे नाव सांगत नाही. मग कोणत्या डोंगरावरून किती झुबके उपटले गेले, हे कसे कळावे?

'संजीवनी'ची गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. मध्य भारतातील खडकांवरच वाढणारी आणि वाळून पुन्हा हिरवी होणारी सिलॅजिनेला ब्रायोप्टेरिस ही वनस्पती या नावाने बाजारांत व जत्रांत विकली जाते. ती नेचाही नव्हे. नेच्यांच्या एका दूरच्या प्राचीन शाखेतील आहे. परंतु वाळलेली दिसते व पाण्यात टाकताच उमलते, एवढ्या साम्यावरून अनेक जण तिची व मयूरशिखेची गल्लत करतात. मयूरशिखेचे पान पंख्यासारखे पट्ट्यांचे असते, तर संजीवनीची पाने बारीक खवल्यांसारखी असून तिच्या वाळलेल्या फांद्या मुठीसारख्या मिटलेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे.

जपणूक आणि नोंद

मयूरशिखा अनेक देशांत आढळते. म्हणून ती संकटात नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जगात विपुल असलेली वनस्पती एखाद्या टेकडीवरून कायमची नाहीशी होऊ शकते. झुबका खेचून काढला, की भेगेतील आखूड खोड निघून येते आणि त्याबरोबर ती भेग रिकामी होते. तेथे नवे रोप येण्यासाठी बीजुक नेमके त्या भेगेत पडले पाहिजे, पावसाळ्यात पाण्याचा थर टिकला पाहिजे आणि कोवळ्या रोपाने पहिला उन्हाळा निभावला पाहिजे. हा योग वारंवार येत नाही. खाणी, गिट्टीसाठी फोडले जाणारे कातळ, रुंद होणारे घाटरस्ते आणि जुन्या भिंतींच्या दुरुस्तीत सांध्यांवर थापले जाणारे सिमेंट यांमुळेही तिच्या जागा कमी होतात.

कायद्याचे संरक्षण काही अंशी उपलब्ध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये कान्हासारख्या राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती उपटून नेण्यास मनाई आहे. त्याबाहेरील वनांत २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील अधिकार वननिवासी समाजाच्या हाती दिले आहेत, आणि त्याबरोबरच त्यांच्या जपणुकीची जबाबदारी ग्रामसभेकडे आली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व ती लोक जैवविविधता नोंदवही तयार करते. मयूरशिखेसारख्या वनस्पतीचे भवितव्य पुष्कळ अंशी या नोंदवहीच्या एका ओळीवर अवलंबून आहे.

ती ओळ कशी लिहावी? केवळ 'मयूरशिखा' एवढे लिहून भागणार नाही. गावातील बोलीनाव, शास्त्रीय नाव, ती कोणत्या टेकडीवर व कोणत्या प्रकारच्या दगडावर आढळली, कोणत्या महिन्यात पाहिली, झुबके साधारण किती होते, लोक तिचा काय उपयोग करतात, या सर्व गोष्टी लिहिल्या पाहिजेत. सोबत पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे असावीत; कारण दुमडलेली कड हीच तिची खरी ओळख आहे. शंका असल्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेसारख्या संस्थांतील तज्ज्ञांकडून खातरजमा करून घ्यावी. १८९० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे आहे. तोडणी करावयाचीच झाली, तर झुबका मुळासह न उपटता मोजकी पाने कापून घ्यावीत व निम्म्याहून अधिक झुबके अजिबात हात न लावता सोडून द्यावेत, असा दंडक ग्रामसभेस घालून देता येईल. दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा त्याच जागी जाऊन मोजणी केली, म्हणजे घट किंवा वाढ स्पष्ट दिसून येईल.

या कामी वृद्ध गोंड व बैगा स्त्री-पुरुषांचे साहाय्य घेणे अत्यंत आवश्यक आहे. कोणत्या कड्यावर कोणती वनस्पती केव्हा दिसते, हे ज्ञान त्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. शास्त्रज्ञांच्या नावाला त्यांच्या पाहणीची जोड मिळाली, तरच नोंद पूर्ण होते. शाळांतील विद्यार्थ्यांनाही हे काम आवडीचे वाटेल; कारण मेल्यासारखा दिसणारा झुबका पहिल्या पावसात उमलताना पाहणे हा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा धडा आहे.

ज्या नेच्याच्या नावासाठी येमेनच्या डोंगरांपासून तरंगंबाडीच्या किनाऱ्यापर्यंत संशोधकांनी आयुष्ये वेचली, तो आपल्या गावाशेजारच्या खडकावर मुकाट्याने उभा आहे. येत्या पावसाळ्यात त्या खडकापाशी थांबून त्याला ओळखावे, त्याचे नाव नेमके लिहावे आणि त्यास तेथेच राहू द्यावे, एवढीच अपेक्षा प्रत्येक जागरूक नागरिकाकडून आहे.